काट्यावाचूनचे वजन

वजन करावयाचे म्हणजे वस्तू काट्यावर ठेवावी लागते. धान्य असो, कापूस असो वा सोने असो, जे काट्यावर चढलेले नाही त्याचे वजन सांगणारा मनुष्य फक्त अदमास सांगत असतो, आणि देणारा-घेणारा दोघेही ते जाणून असतात. आईच्या पोटातले मूल मात्र असे आहे, की ज्याला जन्मापूर्वी काट्यावर ठेवण्याचा मार्गच नाही. तरीही त्याचे वजन आज ग्रॅमांत, शेवटच्या आकड्यापर्यंत, कागदावर छापून मिळते. हा अदमास माणसाने कसकसा बांधला आणि तो बांधताना त्याला खरोखर काय जाणून घ्यावयाचे होते, याचा शोध घेण्याची इच्छा मला बरीच वर्षे होती. या शोधाच्या शेवटी मी आमच्या पुणे जिल्ह्यातल्याच काही खेड्यांत येऊन पोहोचले, याचे मला फार नवल वाटले.

मी राहते ती धायरी. सिंहगडच्या वाटेवरचे हे जुने गाव. धारेश्वराचे देऊळ आणि भोवती शेती ही त्याची एके काळची ओळख. गावाचा उरलेला भाग २०१७ साली पुणे महानगरपालिकेत गेला. पण शेतांच्या जागी इमारती त्याआधीच उभ्या राहू लागल्या होत्या. मी येथे शिक्षिका म्हणून आले तेव्हा बाळंतपणे करणारी एक वृद्ध सुईण आमच्या आळीत राहत असे. पोटावर हात ठेवून मुलाचे वजन कळते का, असे मी तिला एकदा विचारले. ती हसली आणि म्हणाली, "बाई, किती शेराचं हाय त्ये मला कशाला पायजे? उभं हाय का आडवं हाय, आन् वाटंत बसतंय का, येवढं हाताला कळलं म्हंजी झालं." त्या वेळी मला हे उत्तर अडाणीपणाचे वाटले नाही, पण त्याचा पुरता अर्थही कळला नाही. आता वाटते, की या इतिहासाचे पहिले प्रकरण तिने दोन वाक्यांत सांगून टाकले होते. हाताचा प्रश्न 'किती' हा नव्हताच; 'सुटका होईल की नाही' हा होता.

आपल्या प्राचीन वैद्यांचाही प्रश्न हाच होता. सुश्रुताने अडलेल्या गर्भाला 'मूढगर्भ' म्हटले आणि तो कसकसा अडतो याचे प्रकार सांगितले. गर्भ महिन्यागणिक कसा वाढतो हेही शारीरस्थानात वर्णिले. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून त्या काळी स्त्री दोन हृदयांची होते, असे तो म्हणतो; आपल्या 'डोहाळे' या शब्दाचे मूळ त्याच कल्पनेत सांगतात. चरकाने तर गर्भिणीचा आहार महिनावार लावून दिला आहे, आणि त्याचा आरंभ दुधापासून होतो. मूल केवढे झाले आहे हे या ग्रंथांनी तोलून पाहिले नाही. आई काय खाते हे मात्र फार बारकाईने पाहिले. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे याचे काम पडणार आहे.

या जुन्या विद्येची नव्या वैद्यकाशी पहिली गाठ एका मराठी स्त्रीने घालून दिली. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू आर्यांचे प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी स्वतःचे पहिले मूल दहा दिवसांचे होऊन गेलेले पाहणाऱ्या मुलीने निवडलेला हा विषय! पुढच्याच वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत, त्या पुण्यात वारल्या. त्यांना आयुष्य लाभले असते तर या इतिहासाचे एखादे पान कदाचित येथेच लिहिले गेले असते.

युरोपातही जन्मलेल्या मुलाला काट्यावर घालण्याची चाल फार जुनी नाही. जर्मनीतील गटिंगेन येथील प्रसूतिशास्त्राचे अध्यापक रोडरर यांनी १७५३ साली नवजात अर्भकांची वजने आणि लांबी प्रत्यक्ष मोजून प्रसिद्ध केली. तोवरच्या ग्रंथांतून अवाजवी मोठे आकडे खुशाल चालत आले होते. एकाने लिहिले ते दुसऱ्याने उतरवून घेतले होते. जन्मलेले मूल हाताशी असूनही ते तोलण्याचे सुचायला एवढा काळ लागला, तर न जन्मलेल्या मुलाच्या वजनाची काय कथा! पोट चाचपण्याची शिस्त लागायला त्यानंतरही शतकाहून अधिक काळ जावा लागला. लिओपोल्ड या जर्मन डॉक्टरांनी १८९४ च्या सुमारास चार पायऱ्यांची पद्धत घालून दिली: वरच्या टोकाला डोके आहे की कुल्ले, पाठ कोणत्या बाजूस, खाली कोणता भाग आहे, आणि तो कटीत उतरला आहे का. जगभरच्या डॉक्टरांना आणि नर्सना आजही ती शिकवतात. आमच्या सुईणीचे दोन्ही प्रश्न तीत आहेत, हे सांगावयास नकोच.

हातानंतर आली शिंप्याची टेप. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील मॅकडोनाल्ड यांनी गर्भाशयाची उंची पोटावरून टेपने मोजण्याची रीत मांडली. १९५४ साली जॉन्सन आणि टोशाक या दोघांनी तिच्यातून वजनाचे गणित काढले. ते इतके सोपे आहे, की चौथीतल्या मुलालाही यावे. सेंटिमीटरमधील उंचीतून, बाळाचे डोके कटीत ठराविक पातळीला आले असेल तर १२ वजा करा आणि उरलेल्या संख्येला १५५ ने गुणा. उत्तर ग्रॅममध्ये येते. उंची ३० भरली तर १८ गुणिले १५५, म्हणजे २,७९० ग्रॅम. जुन्या मापात सांगायचे तर जवळजवळ बरोबर तीन शेर! आपल्या देशात शेर जाऊन किलोग्रॅम यायला १९५८ च्या ऑक्टोबरपासून सुरुवात झाली. त्यामुळे ज्या आजीने आपली लेकरे शेरांत सांगितली, तिच्या नातवंडांची वजने पौंडांत आणि पणतवंडांची ग्रॅमांत नोंदली गेली, असे पुण्यात कितीतरी घरी घडले असेल.

टेपचे गणित सोपे खरे. पण बाई अंगाने स्थूल असेल, गर्भजल जास्त असेल किंवा जुळे असेल, तर ते फसते. तथापि टेपचा खरा गुण एकदा मोजण्यात नाही. दर भेटीला मोजले आणि उंची वाढेनाशी झाली, तर काहीतरी बिनसले आहे हे ती सांगते. म्हणजे हाताने 'वाट मिळेल का' असे विचारले, आणि टेपने 'वाढते आहे का' असे विचारले.

याच सुमारास वजनाच्या मोजणीत एक रेघ ओढली गेली. फिनलंडचे बालवैद्य इल्प्पो यांनी १९१९ साली २,५०० ग्रॅम ही सीमा धरली. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीच स्वीकारली. आधी या रेघेखालचे मूल 'अकाली जन्मलेले' मानीत. पण पुरे दिवस भरूनही मुले लहान जन्मतात, हे आपल्यासारख्या देशांतून दिसत होतेच. म्हणून १९६१ साली 'कमी वजनाचे' हा शब्द रूढ करण्यात आला. रेघ मात्र तीच राहिली.

यंत्राची कथा स्कॉटलंडमध्ये सुरू होते. पोलादी पत्र्यातील भेगा हुडकण्यासाठी कारखान्यात ध्वनिलहरींचे यंत्र वापरीत. ग्लासगोचे प्राध्यापक इयन डोनाल्ड यांनी ते पोटातल्या गाठी पाहण्यासाठी वापरून पाहिले आणि १९५८ साली, मॅकव्हिकर व ब्राउन या सहकाऱ्यांसह, आपला निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापला. कानाला न ऐकू येणारा ध्वनी आत पाठवायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून चित्र काढायचे, हे त्याचे मर्म. १९७५ साली कॅम्पबेल आणि विल्किन यांनी गर्भाच्या पोटाच्या घेरावरून वजन काढून दाखविले. आणि १९८५ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथील हॅडलॉक यांनी डोके, पोट आणि मांडीचे हाड यांची मापे एकत्र गुंफून जी सूत्रे दिली, ती आज जगभरच्या सोनोग्राफी यंत्रांत भरलेली असतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. यंत्र वजन करीत नाही. ते दोन-तीन लांब्या आणि घेर मोजते, आणि अशाच मापांची मुले ह्यूस्टनमध्ये जन्मल्यावर किती भरली होती, त्यावरून सांगते. म्हणजे हा अदमासच. फक्त तो छापील आहे. खऱ्या वजनापासून तो दहा टक्क्यांनी चुकणे नित्याचे, पंधरा टक्क्यांनी चुकणेही अपवाद नव्हे. तीन किलोच्या मुलात पंधरा टक्के म्हणजे साडेचारशे ग्रॅम. अमेरिकेत १९९२ साली चौहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मौजेची तुलना प्रसिद्ध केली: ज्यांना आधी मूल झालेले आहे अशा स्त्रियांनाच पोटातल्या बाळाचे वजन विचारले, डॉक्टरांच्या हातांचा अंदाज घेतला आणि यंत्राचाही. बायकांचा अंदाज यंत्राहून उणा ठरला नाही. हे वाचले तेव्हा आमच्या आळीतल्या कितीतरी जणी माझ्या डोळ्यांपुढे आल्या.

आमच्याच नात्यातील एका सुनेला नवव्या महिन्यात सांगण्यात आले, की बाळ ३,६०० ग्रॅमचे आहे. घरात एकदम कुजबुज सुरू झाली: एवढे मोठे मूल, आता शस्त्रक्रियेवाचून कसे व्हायचे! मुलीचे जेवण उडाले. मूल झाले ते तीन किलो शंभरचे, आणि सरळ झाले. चूक खऱ्या वजनाच्या सुमारे सोळा टक्क्यांची होती. म्हणजे शास्त्र आपल्या मर्यादेच्या आसपासच होते. परंतु त्या मर्यादेचा आकडा कोणी सांगितला नव्हता. ज्या आकड्यामागे 'सुमारे' हा शब्द नाही तो माणसाला भिववितो, ही गोष्ट त्या पंधरा दिवसांत मी पाहिली.

आपल्याकडे या यंत्राने आणखी एक वळण घेतले, आणि ते लाजिरवाणे आहे. डोहाळजेवणात दोन झाकलेल्या वाट्या पुढे करतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हा खेळ निरुपद्रवी, कारण वाटीला काही ठाऊक नसते. यंत्राला ठाऊक असते. जे यंत्र बाळ वाढते आहे का हे सांगू शकते, तेच यंत्र ती मुलगी आहे हेही सांगू शकते. आणि ते कळल्यावर किती मुली जन्मालाच आल्या नाहीत! या प्रथेविरुद्ध मुंबईत स्त्रियांनी आणि डॉक्टरांनी चळवळ उभारली, आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १९९६ च्या १ जानेवारीपासून अमलात आला आणि २००३ साली अधिक कडक झाला. तरीही २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८९४ मुलीच भरल्या. २००१ साली त्या ९१३ होत्या. आज सोनोग्राफीच्या प्रत्येक केंद्रावर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी असते. धायरी फाट्याकडे जाताना ती पाटी वाचली, की मनात येते: मुलाचे वजन विचारण्याआधी मूल हवे की नको हे विचारणारा समाज हा, त्याच्या हाती हे यंत्र असे बांधूनच द्यावे लागले.

आता मी त्या खेड्यांकडे येते. पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालय १९१२ साली एका लहान प्रसूतिगृहाच्या रूपाने सुरू झाले, पुढे डॉ. बानू कोयाजी यांनी ते वाढविले आणि त्याला खेड्यांची वाट दाखविली. याच रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक मोठी पाहणी सुरू केली. शोभा राव यांच्यासारखे आहाराचे अभ्यासक तीत होते, आणि इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील संशोधकांचे साहाय्य होते. गरोदर राहिलेल्या सुमारे ८०० स्त्रियांचे खाणे, काम आणि शरीर त्यांनी मोजले. या बायकांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोहूनही थोडे कमीच होते.

डॉ. अरुण किनरे यांनी यांतील साडेसहाशेवर स्त्रियांच्या गर्भांची सोनोग्राफीने घेतलेली मापे २०१० साली प्रसिद्ध केली, आणि तेथे ह्यूस्टनचे माप व आमचे मूल समोरासमोर आले. अठराव्या आठवड्यातच, म्हणजे पोट नीट दिसूही लागले नसते तेव्हा, या गर्भांच्या पोटाचा घेर युरोपीय गर्भांहून लहान होता. मांडीचे हाड मात्र जवळजवळ त्यांच्याएवढेच. पुढे ही तफावत वाढत गेली. पोटाच्या घेरात मुख्यतः यकृत असते. आईकडून येणारा पुरवठा तोकडा पडला, की पहिली काटछाट तेथे होते; हाड मागाहून थांबते.

ही मुले जन्मली तेव्हा त्यांचे सरासरी वजन २,६६५ ग्रॅम भरले. पौंडांत सांगायचे तर पाच पौंड चौदा औंस. तीन शेरांना थोडे कमीच. साउथॅम्प्टनचे मूल साडेतीन किलोचे. पण काटा खाली ठेवून या पाहणीने आणखी एक प्रश्न विचारला, जो त्यापूर्वी फारसा कोणी विचारला नव्हता: हे ग्रॅम कशाचे आहेत? २००३ साली प्रसिद्ध झालेले उत्तर असे, की पुण्याकडच्या मुलात मांस कमी, पोटातील अवयव लहान, परंतु कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. वरून कृश, आतून चरबीचे, असे हे बाळ. आणि अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका अधिक, असे याज्ञिक यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे दोन मुलांचे वजन सारखे भरले तरी ती दोन मुले सारखी नसतात. काट्याला एवढे कळत नाही, आणि काट्याचा अदमास करणाऱ्या सूत्राला तर नाहीच नाही.

आणि कारण? या बायका अठराव्या आठवड्यात दिवसाला सुमारे १,७७० कॅलरींचे अन्न खात होत्या. अठ्ठाविसाव्यात, म्हणजे मूल वाढू लागल्यावर, सुमारे १,६७०. खाणे वाढावयाचे ते घटले होते. 'फार खाल्ले तर मूल मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल', हे वाक्य मी स्वतः किती सासवांच्या तोंडून ऐकले आहे! ते दुष्टपणाचे नव्हे. अडलेल्या बाळंतिणी डोळ्यांदेखत गेल्या, त्या भीतीचे ते वाक्य आहे. पण पाहणीने दाखविले ते असे, की मुलाचे आकारमान नुसत्या कॅलरींशी वा प्रथिनांशी जोडलेले नव्हते. ज्यांनी दूध घेतले, पालेभाज्या आणि फळे खाल्ली, त्यांची मुले अधिक भरीव होती. ज्यांच्यावर शेतातील आणि घरातील कष्टांचा भार मोठा होता, त्यांची मुले लहान होती. चरकाने दुधापासून केलेला आरंभ येथे मला आठवला. अभिमानासाठी नव्हे, दोन हजार वर्षांपूर्वी पुस्तकात असलेली वाटी बाईच्या ताटात अजून पोहोचली नाही, याच्या खेदाने आठवला.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते: आपल्या बायकाच चणीने लहान, तर मुले लहान असायचीच, त्यात काय एवढे! या उत्तराची परीक्षा विदर्भात झाली. ऑक्सफर्डने चालविलेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत २००९ पासून जगातील आठ शहरे वा भाग निवडले होते, त्यांत सिॲटल, टुरिन, नैरोबी यांच्या बरोबरीने आपले नागपूर होते. निरोगी, नीट खाऊनपिऊन असलेल्या, देखरेखीखालच्या स्त्रियाच घेतल्या होत्या. २०१४ साली निष्कर्ष आला: गर्भाच्या डोक्याचा घेर आणि नवजात मुलाची लांबी आठही ठिकाणी फार सारखी होती. नागपूरचे मूल जातीने खुजे नव्हते. वजनात फरक उरला, आणि तो एका पिढीच्या खाण्याने पुसला जाणारा नाही. कारण आजची आई स्वतः कोणत्या आईच्या पोटी, किती शेरांची जन्मली होती, हेही त्या वजनात येते.

म्हणून मला वाटते, पोटातल्या मुलाचे वजन कागदावर येते तेव्हा त्यात दोन मजकूर असतात. एक मुलाविषयी, आणि तो अदमास आहे. पंधरा टक्के इकडे-तिकडे धरून डॉक्टरांनी तो वाचावा आणि घरच्यांनी त्याचे भय घेऊ नये. दुसरा आईविषयी, आणि तो पुष्कळसा खरा असतो: ती काय खाते, किती पाणी वाहते, किती तास वाकते, आणि लहानपणी तिच्या वाट्याला भावाच्या मानाने किती दूध आले. हा दुसरा मजकूर वाचायला यंत्र लागत नाही. महाराष्ट्र सरकारने २०१५ पासून आदिवासी भागांतील गर्भवतींना दिवसाला एक पूर्ण जेवण देण्याची योजना चालू केली, तिच्यामागे हेच वाचन आहे. मात्र पुष्कळशी घरे कोणत्याच योजनेत बसत नाहीत, आणि तेथे हे वाचन घरच्यांनीच करावयाचे असते. अठराव्या आठवड्यात त्या खेड्यांतील गर्भांची पोटे लहान दिसली, तेव्हा जन्माला अजून पाच महिने होते. एवढ्या अवधीत निदान दुधाची वाटी तरी भरता येते.